शालिकरामचा भोंगा

दचकू नका, मी भोंगा बोलतोय. आयुष्यभर गावाच्या कानठळ्या बसवल्या, म्हणून आज जरा हळू बोलणार आहे. मोठ्यानं सांगण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलेलंही नाही.

माझा पत्रा मुंबईच्या कारखान्यात वळला, पण मला घर मिळालं ते अकोल्यात. तिथल्या खुशालरावांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात शालिकराम नावाचा कारागीर दिवसभर तारांना डाख देत बसायचा. स्वतःचा धंदा काढायचा म्हणून त्यानं मला, एक ॲम्प्लिफायर आणि एक माइक घेतला आणि आम्ही मोटारीनं अमरावतीला निघालो. कंडक्टर म्हणाला, भोंगा टपावर टाका. शालिकराम ऐकेना. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यानं मला मांडीवर घेतलं. मूर्तिजापूरला एका म्हातारीनं, झोपलं काय हो लेकरू, असं विचारलं, तेव्हा तो फक्त लाजला.

लाजणं आणि गप्प बसणं, घरात त्याला एवढंच यायचं. त्याची बायको लीलाबाई मोर्शीकडची, भरल्या घरातली, बोलघेवडी. तिच्या नशिबी भाजी अळणी झाली तरी ब्र न काढणारा नवरा आला. अंबागेटजवळ मैदानाला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. सभा असली की मला मैदानातल्या खांबावर चढवत, आणि तिथून त्यांचं मागचं दार मला दिसायचं.

सभेआधी माइक तपासावा लागतो. इतर माइकवाले हॅलो, एक, दोन, तीन म्हणून मोकळे होत. शालिकरामचं म्हणणं असं, की एक-दोन-तीनानं आवाज समजत नाही, माणूस बोलतो तसं बोलावं लागतं. मग लोकांकडे पाठ करून, बटणांवर नजर ठेवून तो मनात येईल ते बोलायचा. जवाहर गेटात सायकलवाले कसे अंगावर येतात, टॉकीजमध्ये तिकीट खिडकीवर संपतं आणि पानठेल्यावर कसं मिळतं, पुढारी उशिरा का येतात. छप्पन साली आमचं राज्य बदललं, तेव्हा तो म्हणाला होता, "रातच्यान मध्यप्रदेशात झोपलो, सकाळी मुंबई राज्यात उठलो. बिछाना तोच हाये, ढेकणं बी तेच हायेत." मैदान खदखदा हसलं. लोक तर भाषण नसलं तरी चालेल, पण शालिकरामची तपासणी चुकायला नको म्हणून लवकर येऊन बसत.

आणि मागच्या दारात लीलाबाई हातातलं काम टाकून बसे. नवऱ्याच्या मनात काय चाललंय ते तिला माझ्याकडूनच कळायचं. एकदा तो म्हणाला, आज घरी भरताचं वांगं आणलंय, पुढाऱ्यांनी लवकर आटपलं तर बरं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मग गावात देवीची साथ आली आणि त्यांचा रांगणारा मुलगा देवमन गेला. घरात रडणं ऐकू आलं ते लीलाबाईचं. शालिकराम कोपऱ्यात एक बिघडलेला रेडिओ उघडून बसला होता. दिवस झाले, महिना होत आला, तो त्या लेकराबद्दल एक शब्द बोलला नाही. याला काळीज आहे की नाही, असं शेजारणी उघड म्हणू लागल्या. लीलाबाईही त्याच्याशी बोलेनाशी झाली.

पुढे नगरपालिकेनं देवी टोचून घेण्याच्या प्रचाराची सभा ठेवली. शालिकराम माइक तपासायला बसला. त्यानं बटण एकदा मागेपुढे फिरवलं. मग तो म्हणाला, "मंडळी, आमच्या घरी एक लेकरू होतं. टोचून घेऊ, टोचून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. त्याची माय मले काही म्हणत नाही, अन् मले तिच्याकडं पाहवत नाही. तुमी राहू देऊ नका."

मागच्या दारात लीलाबाई उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली, जेवायला वाढू का, एवढंच. पण बोलली.

बासष्टच्या निवडणुकीत बापूसाहेब उभे होते. वकील माणूस, स्वभावानं वाईट नव्हता. त्यांना यायला उशीर झाला आणि शालिकरामची तपासणी लांबली. तो सहज बोलून गेला, "मागच्या खेपेले बापूसाहेब म्हणे नळ देतो. नळ देल्ला, पाणी नाही देल्लं. आता पाणी देतो म्हणून राह्यले. नळ परत नाही नेला म्हणजे झालं." लोक टाळ्या पिटत होते, आणि बापूसाहेब स्टेजच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शालिकरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "शालिकराम, तुम्ही तारा जोडा. बोलायला आम्ही आहोत."

ते वाक्य गावभर झालं. पुढे सभा असो, गणपती असो, लग्न असो, भोंगा ठरवायला येणारा प्रत्येक जण हसत हसत तीच अट घालू लागला. शालिकरामनं मान हलवली. वाद घालणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तेव्हापासून माझ्यातून त्याचं एवढंच येऊ लागलं: हॅलो. एक, दोन, तीन. मला त्या आकड्यांचा इतका राग यायचा, की पत्रा फाटावा असं वाटे.

लीलाबाई ओल्या हातांनी दारात यायची, तीनपर्यंत ऐकायची, आणखी थोडी थांबायची. पुढे पुढे ते दार उघडेनासं झालं.

काही वर्षांनी तिला छातीचं दुखणं जडलं. डॉक्टरांनी घरी नेऊन सुखात ठेवा म्हणून सांगितलं. ती खाटेवरून त्याला म्हणायची, काही बोला ना. तो पाणी आणायचा, उशी नीट करायचा, दाराशी जाऊन उभा राहायचा. शेवटी एका दुपारी त्यानं मला तिच्या खाटेसमोर खुंटीला टांगलं, तारा जोडल्या, आवाज बारीक केला आणि तिच्याकडे पाठ करून माइक हातात घेतला.

"हॅलो," तो म्हणाला. "एक, दोन, तीन."

मी वाट पाहिली. तिनंही पाहिली. तो पुन्हा हॅलो म्हणाला आणि थांबला. त्याच्या घशात पुढचं काही उरलंच नव्हतं. तो बटणं फिरवत राहिला आणि मी नुसता खरखरत राहिलो.

लीलाबाईनं हात लांबवून माइक मागितला. तिनं आयुष्यात तो कधी धरला नव्हता.

"मी बोलून राह्यली," ती म्हणाली. "तुमी तिकडं मैदानात बोलत होते न, तवा मी इकडून तुमाले उत्तर देत होती. दरखेपेले. देवमनच्या येळी बी म्हटलं होतं, तुमचा दोष नाही, मीच त्याले ताप हाये म्हणून टोचायले नेलं नव्हतं. तुमाले ऐकू गेलं नाही."

खांब उंच होता. तिथून मला दार दिसायचं, ओठ दिसत नव्हते. शालिकराम वळला आणि तिच्याकडे पाहत राहिला. दोन दिवसांनी ती गेली.

आता गावात चकचकीत नवे भोंगे आलेत. मला कुणी मागत नाही आणि तो देतही नाही. कधी कधी दुपारी तो तारा जोडतो, रिकाम्या खाटेवर माइक ठेवतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. त्याला वाटतं, त्या दुपारी तिचं बोलणं माझ्यातून गेलं, त्यातलं थोडं कुठेतरी अडकून राहिलं असेल.

कसं सांगू त्याला? बाबा रे, मला आवाज मोठा करता येतो. ठेवता येत नाही.