शेवटचा रकाना

डॉक्टर व्यंकटरावांनी मासिकाची न कापलेली पानं सुरीनं इतक्या घाईनं कापली, की एक पान मधोमध वेडंवाकडं फाटलं. मद्रासहून निघणारं ते वैद्यकीय मासिक औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात त्याच सकाळी टपालानं आलं होतं. लेख चौदा पानांचा होता : 'हैदराबाद संस्थानातील तोंडाचा कर्करोग – एकशे बारा रुग्ण'. खाली डॉ. पुसेगावकरांचं नाव आणि नावापुढं पदव्यांची माळ. व्यंकटराव पहिल्या पानावरून सरळ शेवटच्या पानावर गेले आणि आभार शोधू लागले. तिथं 'जिल्ह्यातील काही दवाखाने' एवढेच शब्द होते.

दारात कंपाउंडर तातेराव बाटल्या पुसत उभा होता.

"आलं का सायेब तुमचं नाव?"

"आलं. जिल्ह्यातले काही दवाखाने."

हसावं की काय करावं, तातेरावाला कळेना. त्यानं पुसलेलीच बाटली पुन्हा पुसायला घेतली.

एकशे बारांपैकी अडतीस रोगी व्यंकटरावांनी धाडलेले होते. दहा वर्षं दर बाजारच्या दिवशी ते माणसांना उजेडाकडं तोंड करून बसवत आणि गाल आतून तपासत. तंबाखू-चुन्याची गोळी माणूस ज्या गालात धरून ठेवतो, त्याच गालात पुढं व्रण होतो, हे त्यांनी एकेकाला विचारून वहीत उतरवलं होतं. रोगी सापडला की त्याच्या घरच्यांची समजूत घालायची, हिंगोलीला नेऊन हैदराबादच्या रेल्वेत बसवून द्यायचं, सोबत तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या पुसेगावकरांच्या नावे चिठ्ठी द्यायची. पुसेगावकर गाल कापून, वेळेला जबड्याचं हाड काढून रोग उपटत. घरी परतलेला रोगी पुढं वारला, तर तेही व्यंकटराव कार्ड टाकून कळवत. पुसेगावकर मूळचे याच भागातले. पहिल्या पहिल्या पत्रांत ते लिहीत, 'आपण दोघे मिळून लिहू.' आता लेखाच्या शेवटी त्यांच्या आधीच्या सव्वीस लेखांची यादी दिलेली होती. आपलं नाव तिथं नसणार हे ठाऊक असूनही व्यंकटरावांनी ती यादी ओळीखाली बोट धरून वाचली.

दुपारी त्यांनी हैदराबादला पत्र लिहिलं. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं, तरी शेवटचं वाक्य तेच राहिलं : 'मी आपला नोकर नव्हतो.'

त्यानंतरच्या बाजाराला लमाणांच्या तांड्यावरची रूपाबाई आली. सोबत तिचा धाकटा दीर पेमा होता. खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं उजवा गाल झाकून धरला होता. व्यंकटरावांनी फडकं बाजूला करून पाहिलं. व्रणाच्या कडा टणक झाल्या होत्या. त्यांना दुसरं काही तपासायची गरज वाटली नाही.

"हैदराबादेला न्यावं लागंल, रूपाबाई."

"देवल्याला नेलं तसं?"

देवला तिचा नवरा. सहा वर्षांपूर्वी व्यंकटरावांनीच त्याला गाडीत बसवून दिलं होतं.

"तेव्हाचं वेगळं होतं. आता या इलाजाचं नीट पाहून छापून आलंय. हे बघ." त्यांनी मासिक उघडून तिच्यापुढं धरलं. "ज्यांची खबर लागली, त्यांतले शंभरातले सत्तर बरे झालेत."

रूपाबाईनं त्या बारीक अक्षरांकडं पाहिलं.

"देवल्याचं हाय का यात?"

"असंल की."

"काय लिवलंय त्याचं?"

लेखाला जोडलेला मोठा तक्ता व्यंकटरावांनी तोवर पाहिलाच नव्हता. लेख त्यांनी नऊ वेळा वाचला होता, पण नाव शोधायला. त्यांनी घडी उलगडली. त्रेचाळिसावा रोगी : पुरुष, वय चाळीस, लमाणी, मुक्काम औंढ्याजवळ, डावा गाल, शस्त्रक्रिया यशस्वी. शेवटच्या रकान्यात दोन इंग्रजी शब्द होते. त्यांनी ते मराठीत सांगितले.

"माहिती नाही."

"माहिती न्हाई?" रूपाबाईच्या आवाजात राग नव्हता, नुसता अचंबा होता. "असं काहून लिवलं सायेब? तुमी सोता आलते की त्याच्या मातीला. पायात वहाना न्हवत्या तुमच्या."

पेमाला व्यंकटरावांनी गुळण्यांचं औषध दिलं आणि पुढच्या बाजाराला या म्हणून सांगितलं. माणसं गेल्यावर त्यांनी दवाखान्याचं दार लोटून घेतलं, आपली वही आणि तो तक्ता शेजारी शेजारी ठेवला. अडतिसांतले बावीस जण वर्षाच्या आत वारले होते. बावीसच्या बावीस कार्डं त्यांनी आपल्या हातानं पेटीत टाकली होती. तक्त्यात त्या बावीसही जणांपुढं तेच दोन शब्द होते. ज्यांची खबर लागली नाही, त्यांना वगळून हिशेब मांडला होता. शंभरातल्या सत्तराचा हिशेब असा जमला होता.

या वेळचं पत्र त्यांनी एका बैठकीत लिहिलं. स्वतःच्या नावाचा त्यात उल्लेख नव्हता. बावीस नावं आणि बावीस तारखा होत्या.

उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी पुसेगावकरच आले. नागनाथाचं दर्शन घेऊन त्यांची मोटार दवाखान्यापुढं थांबली. कपाळाला भस्म, अंगात गळाबंद कोट. तातेरावानं आणलेल्या खुर्चीवर ते घरच्यासारखे बसले.

"आकडे तुमचे बरोबर आहेत, व्यंकटराव. बावीस मेले. मग?"

"मग तसं छापा."

"छापतो. दुसऱ्या दिवशी माझा वॉर्ड बंद होईल." पुसेगावकर शांतपणे म्हणाले. "दोन वर्षं मी रेडियमसाठी सरकारात खेटे घालतोय. ज्याच्या हातून निम्म्याहून जास्त माणसं मरतात, त्याला कोण रेडियम देणार? आणि वॉर्ड नसला तर या बाजारातला माणूस तुम्ही पाठवाल कुठं? अंगाऱ्याला?"

असा प्रश्न व्यंकटरावांनी स्वतःला कधी विचारला नव्हता.

"तुमचं पहिलं पत्रही मिळालं," पुसेगावकरांनी कोटाच्या आतल्या खिशातून टंकलिखित कागद काढला. "चूक माझी. पुढचा लेख तयार होतोय. हा पाहा."

मथळ्याखाली दोन नावं होती. दुसरं व्यंकटरावांचं. आद्याक्षरं बरोबर होती, पदवी बरोबर होती. व्यंकटरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, आणि कागद थोडा दूर धरून पुन्हा वाचला. बाहेर कुणीतरी खोकत होतं. तातेराव औषधाच्या खोलीत उगाच उभा राहिला होता.

"तांड्यावरचा एक आहे," व्यंकटराव म्हणाले. "उजवा गाल."

"पाठवा," पुसेगावकर म्हणाले.

बाजारच्या दिवशी रूपाबाई पेमाला घेऊन आली, तेव्हा तिनं घोळ घातला नाही.

"तुमी सांगताल तसं. देवल्याच्या मातीला तुमी आलता, आमचं वंगाळ तुमी कराल का? सांगा, न्यावं का न्हाई?"

बावीस हा आकडा व्यंकटरावांच्या ओठांपर्यंत आला.

"न्या," ते म्हणाले. "आता रेडियम येणार आहे."

पेमा दोन महिन्यांनी परतला. रेडियम आलं नव्हतं. उजवा गाल कातडीसकट गेला होता, आणि पाणी पिताना तो हाताचा पंजा गालाच्या जागी धरत असे. व्यंकटराव दोनदा तांड्यावर जाऊन जखम बांधून आले. तिसऱ्यांदा जायचं म्हणता म्हणता राहून गेलं. होळीच्या सुमारास मानेत गाठी आल्या. मधल्या काळात दुसरा लेख छापून आला. तहसीलदारांनी व्यंकटरावांना बोलावून हार घातला. गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी मुलांसमोर त्यांचं भाषण ठेवलं.

चैत्र संपता संपता रूपाबाई एकटीच आली. ती पायरीवर टेकली. धाप ओसरल्यावर ती बोलली.

"पेमा गेला, सायेब. चौथीच्या दिवशी."

व्यंकटरावांनी मान खाली घातली.

"तुमाला निरोप धाडला न्हाई. ऊन लई होतं. अन् तुमाला आता कामं बी लई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लिवून घ्या तेवढं. मागल्या बारीला देवल्याचं ऱ्हायलं. आता तुमचं बी नाव हाय म्हनं त्या कागदावर. बरं झालं. आपलं मानूस हाय तिथं."

हैदराबादहून आता छापील तक्ते येत. वर दोन्ही डॉक्टरांची नावं, खाली रकाने. व्यंकटरावांनी खणातून तक्ता काढला, पेमाची ओळ शोधली आणि दौतीत टाक बुडवला. तातेराव त्यांच्या मागं उभा होता. शेवटच्या रकान्याशी टाक थांबला. मग चालला, आणि लगेच उचलला गेला.

"काय लिवलं?" रूपाबाईनं विचारलं.

"पेमा, राहणार तांडा," व्यंकटराव तक्त्यावरून नजर न उचलता म्हणाले, "शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात, चैत्र वद्य चतुर्थीला, राहत्या घरी वारला."

"बराबर," ती म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, दोघांना हात जोडले आणि उन्हात चालू लागली.

तातेरावाला इंग्रजी येत नव्हतं, पण शब्द मोजता येत होते. रकान्यात दोनच होते. शाई अजून ओली होती. सवयीनं त्यानं टीपकागद उचलला, आणि न टेकवताच परत जागेवर ठेवून तो औषधाच्या खोलीत निघून गेला.