डबा वाजला की थांबायचं

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्या झाकणावर ‘प्रमिला’ असं नाव कोरलं आहे. ही नचिकेतची आई. तो शिकायला मेलबर्नला निघाला तेव्हा तिने माझ्यात चिवडा भरून मला त्याच्या बॅगेत कोंबलं. तिथल्या क्लेटन उपनगरातल्या त्याच्या घरात चिवडा आठवडाभरही टिकला नाही. मग माझी खरी नोकरी सुरू झाली.

नचिकेत आणि त्याच्या खोलीत राहणारा हृषिकेश, दोघेही एमएमएचे, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतींचे, भारी वेडे. अमेरिकेतल्या त्या लढती इथे रविवारी दुपारी दिसायच्या. दोघे पबमध्ये जाऊन पैज लावायचे, पण फार जपून. शिफ्टच्या पगारातले थोडे पैसे माझ्यात टाकायचे आणि पैज फक्त त्यातूनच. आदल्या दिवशी खेळाडूंची वजनं होतात. ती बघितल्याशिवाय पैज नाही. वजन उतरवून गाल बसलेला गडी कितीही नावाजलेला असो, त्याच्यावर पैसे लावायचे नाहीत. निघण्यापूर्वी नचिकेत मला कानाशी धरून हलवायचा. नोटा असल्या की मी गप्प. नुसती नाणी उरली की मी खणखण वाजायचो.

“वाजला रे! आज नुसतं बघायचं,” हृषिकेश म्हणायचा आणि नचिकेत मुकाट ऐकायचा. केवढा मान होता मला!

मग नचिकेतने नवा मोबाइल घेतला आणि त्यात पैजेचं ॲप आलं. तो मोबाइल पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलला. नचिकेत त्याला उशाशी घेऊन झोपायचा, शर्टाने पुसायचा. मी मात्र फ्रिजवर धूळ खात पडलो. माझ्यात रिमोटचे जुने सेल टाकले! माझा नुसता जळफळाट झाला. तो मोबाइल दिवसभर किणकिणायचा, पण पैसे संपत आले की चिडीचूप. असल्याला म्हणे हुशार म्हणतात.

त्याच सुमारास नचिकेतच्या बहिणीचं, चारुताचं, लग्न ठरलं. पुण्याच्या तिकिटाचे पैसे बँकेत साठले होते आणि ॲप त्याच खात्याला जोडलेलं होतं.

“वजन बघितलंस का?” एका रविवारी हृषिकेशने विचारलं.

“नो वरीज, मेट. हा शंभर टक्के जिंकतोय,” म्हणत नचिकेतने बोट टेकवलं. त्याचा गडी पहिल्याच फेरीत आडवा झाला. तिकिटाचे पैसे गेले. घरी त्याने फोनवर सांगितलं, युनीची, म्हणजे विद्यापीठाची, परीक्षा आहे, लग्नाला येता येणार नाही.

लग्नाच्या दिवशी टेबलावर मोबाइल उभा राहीना, म्हणून माझा त्याच्या पाठीशी टेकू दिला. ज्याच्यावर जळलो, त्यालाच आधार द्यायचा! पुण्यातलं लग्न व्हिडिओ कॉलवरून त्याच्या काचेवर. मला दिसत होता फक्त नचिकेतचा चेहरा. मंगलाष्टकं सुरू झाली तशी नचिकेत आणि हृषिकेशने काचेवरच अक्षता टाकल्या. तेवढ्यात मोबाइल थरथरला. “पुढच्या लढतीवर पैज लावा,” हृषिकेशने ॲपचा निरोप हळूच वाचला.

“दादा, पेपर कसा गेला?” थोड्या वेळाने चारुताने विचारलं.

“पेपर नव्हता गं,” नचिकेत म्हणाला. “तिकिटाचे पैसे मी पैजेत घालवले.”

पलीकडे सनई वाजत राहिली.

नंतर नचिकेतने ॲप काढून टाकलं. माझ्यातले सेल काढले, टेबलावरच्या अक्षता वेचून माझ्यात भरल्या आणि खूप दिवसांनी मला कानाशी धरून हलवलं.

“वाजला,” तो हृषिकेशला म्हणाला.

मित्रांनो, मोबाइल अजूनही त्याच्या उशाशीच झोपतो आणि मी अजूनही जळतो. तुमच्या घरात असा एखादा वाजणारा डबा असेल, तर त्याला अडगळीत टाकू नका. त्याला अधूनमधून कानाशी धरा.