उपाशी गांडुळांची विभूती

बेंबळीजवळच्या पाझर तलावाच्या कामावर दुपारची सुट्टी झाली की खडी फोडणारी दीडशे माणसं सुकडी, म्हणजे सरकारकडून मिळणारा पिठाचा पौष्टिक भुगा, घेऊन सावलीला जायची नाहीत. ती मृत्तिकानंद महाराजांच्या घागरीकडं धावायची. घागरीत काळी माती अन् मातीत करंगळीएवढी गुटगुटीत गांडुळं. त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात गुटगुटीत म्हणावं असं तिथं दुसरं कुणी नव्हतं, महाराज सोडून.

"ह्या गांडुळांच्या पोटात अकरा महिने अन्नाचा कण न्हाय! माती अन् नामस्मरण, बास!" महाराज गर्जायचे. "किड्याला जमतं, तुमाला का न्हाय? सुकडी चरणी ठेवा, भूक मरंल!" मग गांडुळांची विष्ठा ते विभूती म्हणून वाटायचे. शिकलासवरला मुकादमसुद्धा ती कपाळाला फासायचा.

मजुरांच्या जखमांना टिंचर लावायला येणाऱ्या नर्स कमलबाईंचं डोकं फिरलं ते मुक्ताबाईला पाहून. अंगावर पाजणारी बाई, अन् आठ दिवस आपली सुकडी महाराजांना देत होती. दूध आटलं होतं. मांडीवरच्या लेकरात रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"महाराज, गांडुळं निव्वळ माती खातात?"

"निव्वळ, बाई!"

"मग पोटातनंबी मातीच पडंल. खाल्लेल्याची खूण मागं ऱ्हातेच."

कमलबाईंनी तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या. एकीत तलावाची माती, दुसरीत सुकडी, तिसरीत महाराजांनी स्वतः दिलेली विभूती. चहासाठी उकळलेलं कढत पाणी ओतलं, ढवळलं, गाळ बसून पाणी निवल्यावर टिंचर आयोडीनचे थेंब टाकले. मातीचं पाणी पिवळटच राहिलं. सुकडीचं काळंनिळं झालं. विभूतीचंही काळंनिळं!

"नीळकंठ प्रकटला!" महाराज ओरडले. निम्म्या गर्दीनं लगेच हात जोडले. कमलबाईंनी कपाळाला हात लावला.

"मग सुकडीत कोण प्रकटलंय?" म्हातारी हरणाबाई म्हणाली.

"कुणी न्हाय, आजी. पिठाला हे औषध लागलं की निळं पडतं, मातीला न्हाय पडत. तुमच्या सुकडीतला चिमूटभर भुगा गांडुळांना, बाकीची महाराजांना!"

महाराजांना एकाएकी मुरुम गावच्या भक्तांची आठवण झाली. घागर तिथंच टाकून ते निघाले.

मुक्ताबाई हुंदके देऊ लागली. "लेकराच्या तोंडचं म्या किड्यांना घातलं, बाई."

"रडू नगं, खा आधी." ताज्या सुकडीची वेगळी वाटी तिच्या हातात देऊन कमलबाई गर्दीकडं वळल्या. "उपाशी ऱ्हावा असं कुणी सांगितलं, तर तो सोता काय खातो ते आधी बघत जा."