चार पावलं आधी

"पुसायचं, पण बटणाला हात लावायचा नाही म्हणे! घड्याळ आहे का घरातला जावई?"

ताईच्या आईची ही कुरकूर मी सात वर्षं अगदी नाकासमोर ऐकली. फडकं माझ्याच तोंडावरून फिरत असायचं ना!

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. मुठीत मावणारं, चावीचं. कारखान्यातल्या एका बाईनं चिमट्यानं माझा काटा बसवला, मला कानाला लावलं आणि म्हणाली, "चालतंय की गुलाम!" माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. पुढे ताईच्या बाबांनी मला विकत आणलं. ताई तेव्हा एका कंपनीच्या संघातून पगारावर धावायची. चारशे मीटर, म्हणजे मैदानाची पूर्ण एक फेरी. ती धावायची आणि बाबा माझं बटण दाबायचे. ती जिंकली की माझीही पाठ थोपटली जायची.

शेवटच्या शर्यतीत रेषा चार पावलांवर असताना तिच्या गुडघ्यानं दगा दिला. ती कोसळली. बाबांचा अंगठा दचकला आणि मी थांबलो, चोपन्न सेकंदांवर.

मला पुन्हा शून्यावर न्यायचा धीर कोणालाच झाला नाही. काचेच्या कपाटात पदकांशेजारी माझी रवानगी झाली. बाबा गेल्यावर तर कपाटाला कुलूपच लागलं; ते उघडायचं फक्त आईच्या फडक्यापुरतं. घरात सगळे "गुडघ्याचं झालं तेव्हा" असं म्हणायचे. "पडलीस तेव्हा" असं कोणी चुकूनही म्हटलं नाही. मी काचेआड कोंडलेला, ताई घरात कोंडलेली. दोघांचेही काटे जागच्या जागी.

मग शेजारच्या मैदानावरच्या मुलींना शिकवायला ताईला बोलावणं आलं. वेळ मोजताना घामट अंगठा फोनला काही केल्या कळेना, तेव्हा चडफडत तिनं कपाट उघडलं आणि मला चावी दिली. मित्रांनो, सात वर्षांनी माझा काटा हलला, तेव्हा मला भोवळच आली!

ताई शिकवायची मात्र झकास. "अगं, खांदे कानाला काय लावतेस? फोन आहे का तो?" असं ओरडायची आणि मुलींबरोबर स्वतःही हसायची. तिचं असं हसणं मी विसरूनच गेलो होतो. मुलींतली सर्वांत चिवट होती काडी. नावाप्रमाणेच अंगानं किडकिडीत, पण पायात वारं. रविवारी संघाची निवड होती आणि फेरी बासष्ट सेकंदांच्या आत हवी होती.

"एकसष्ट!" ताई आनंदानं ओरडली.

रेषेजवळ बसलेल्या, मैदान सांभाळणाऱ्या काकांनी आपलं मनगट डोळ्यांजवळ नेलं. "माझ्यात बासष्टच्या वर दिसतंय. जाऊ दे, माझं घड्याळ म्हातारं झालंय." बाकीच्या मुली बुटांच्या नाड्या बांधू लागल्या. बांधलेल्याच नाड्या!

खरं काय ते मला ठाऊक होतं. काडी शेवटच्या टप्प्यात आली की ताईचा मोकळा हात गुडघ्यावर जायचा आणि दुसऱ्याचा अंगठा आपोआप माझं बटण दाबायचा. रेषा तेव्हा चार पावलं लांब असायची. रोज तसंच. मी मुठीत गुदमरत होतो. काच गेली, मूठ आली; माझं कोंडणं काही सुटलं नाही. रविवारी ही पोर माझ्या खोट्या आकड्यावर विसंबून उभी राहील आणि सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल, हे दिसत होतं. पण घड्याळाला तोंड असून बोलता कुठे येतं?

म्हणून सांगतो, मुलांनो, जुन्या वस्तू जपा, पण थांबलेल्या काट्यासकट जपू नका. चावी द्या, शून्यावर आणा.

निवडीच्या आदल्या दिवशी काडी धावली. माझं बटण वाजलं, टक्. ताई म्हणाली, "परत एकसष्ट! शाब्बास गं!"

काडी धापा टाकत परत आली. हसली नाही.

"ताई, मला टक् ऐकू येतं. रोज येतं. रेषा पुढेच असते तेव्हा."

काका खोकले. "काडे, पाणी पी आधी."

"थांबा हो काका." तिनं ताईच्या मुठीवर हात ठेवला. तो ओला हात मलाही लागला. "ताई, तुम्ही पडलात ना, तिथेच थांबता तुम्ही. मला पुढे जायचंय."