ऋतुराजचं तिकीट

“ताई, दोन तिकिटं कशाला? तुम्ही तर एकट्याच हाय की.”

क्रांतीनं पुन्हा दोन बोटं दाखवली आणि खिडकीकडच्या सीटवर हात ठेवला. तिथं बोरीची काटेरी फांदी होती.

“मुकी दिसती बिचारी,” असं ड्रायव्हरला ओरडून सांगत कंडक्टरनं तिकिटं दिली.

क्रांती मुकी नव्हती. घरी पोचेपर्यंत तिला फक्त ऋतुराजशी बोलायचं होतं.

ऋतुराज तिचा धाकटा भाऊ. आजऱ्यात काजूच्या कारखान्यात होता. तिथंच गावाबाहेरच्या वळणावर ट्रकनं त्याला उडवलं, तेव्हा ती डर्बनमध्ये शिकत होती. तिला फोन आला तोवर घरी, कसबा बावड्यात, सगळं उरकलं होतं.

डर्बनला ती एका झुलू कुटुंबात राहायची. घरातल्या थोकोझिलेला सगळ्यांसारखी तीही ‘मा’ म्हणायची. माचा थोरला मुलगा सिफो दूर जोहान्सबर्गच्या हॉस्पिटलात वारला. त्याला आणायला मा क्रांतीलाही घेऊन गेली. माच्या हातात एक काटेरी फांदी होती. पानं थेट आपल्या बांधावरच्या बोरीसारखी. सिफोच्या खाटेपाशी फांदी टेकवून मा म्हणाली, “चल बाळा, घरी जाऊ.” परतताना शेअर टॅक्सीत तिनं फांदीसाठी वेगळी सीट घेतली. दुसऱ्या कुणाशी ती बोलली नाही. नदी आली, वळण आलं, की तेवढं सिफोला सांगायची. गाडीत कुणी हसलं नाही.

“सांगितलं नाही तर वाटेतच राहतात गेलेले,” घरी आल्यावर मा म्हणाली होती.

ऋतुराजची बातमी आली तेव्हा तीच मा क्रांतीशेजारी जमिनीवर बसून राहिली. तिनं एवढंच विचारलं, “त्याला आणायला कोण गेलं?”



शिक्षण संपवून ती परतली, तर आई, चिमणाबाई, पार खंगलेली. “सपनात येतोय गं. त्याच वळणावर हुबा ऱ्हातोय. एक गाडी थांबंना म्हणतोय.”

म्हणून आज सकाळी क्रांती त्या वळणावर उभी राहिली. फांदी डांबरावर टेकवली. “ऋतू, चल. मी न्यायला आलोय.”

उत्तूरला गाडी गच्च भरली. एक म्हातारी काठी टेकत तिच्या सीटपाशी आली. “ती फांदी खाली ठेव की गं पोरी. पाय मोडल्यात माझं.”

मागून कुणीतरी खेकसलं, “माणसं हुबी आणि झाडाला सीट!”

क्रांतीला रडू आलं. ती उठली, आपल्या जागेवर म्हातारीला बसवलं आणि दांडीला धरून उभी राहिली. पुढं दूधगंगेचा पूल आला तशी ती वाकून पुटपुटली, “ऋतू, नदी आली बघ. आता कागल. घाबरू नगंस.”

म्हातारीनं एकदम वर पाहिलं. मग फांदीकडं.  तिनं फांदीवर आलेला आपला पदर हळूच ओढून घेतला आणि अंग चोरून सीटच्या कडेला सरकली.

स्टँडवरून केलेली रिक्षा बावड्यात घरासमोर थांबली तेव्हा आई दारातच होती. क्रांतीनं फांदी पुढं धरली. “ऋतू, घर आलं.”

आई फांदीकडं बघत राहिली. 

“किती उशीर केलास रं,” ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

क्रांती आत गेली. आई मात्र तशीच अंग चोरून चौकटीला टेकून उभी राहिली, तिच्यामागून आणखी कुणी आत येईपर्यंत थांबावं तशी. मग तिनं दार लावून घेतलं.