आता उतरते

मला टेनिसचं अर्धंच कोर्ट येतं, डावं. उजवं अनिताचं. एकवीस वर्षं ही वाटणी चालली आणि तिच्यावरून आमचं एकदाही भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं. हॉटेलच्या खोलीतला पंखा, तिचं घोरणं, माझं तोंड. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दुहेरीवाल्या. लोकांना वाटतं, एकेरीत जमलं नाही म्हणून माणूस दुहेरीत येतो. आमच्या बाबतीत ते खरंच आहे, पण ते लोकांनी म्हणायचं काही कारण नाही. जागतिक क्रमवारीत आम्ही एकदा एकशे अठराव्या होतो. म्हणजे त्या आठवड्यात अख्ख्या जगात आमच्या वर एकशे सतराच. माझी आई, शालनबाई, पिंपरीत घरोघर हे सांगून आली. ऐकणाऱ्या बाया विचारायच्या, "मग टीव्हीवर कशी दिसत नाही?" टीव्हीवर दिसणाऱ्या वेगळ्या. आम्ही उझबेकिस्तानात, तुर्कस्तानात, थायलंडच्या कुठल्यातरी गावात खेळायचो. बघायला दोन म्हातारे, एक कुत्रं आणि पुढच्या मॅचसाठी ताटकळलेल्या चौघीजणी.

दुहेरीतल्या खेळाडू एकमेकींशी बोलताना तोंडापुढे चेंडू धरतात, समोरच्यांना डाव कळू नये म्हणून. आम्हाला त्याची गरज नव्हती. आम्ही खुशाल ओरडून बोलायचो, कारण आमची भाषा बसची होती. तेराव्या वर्षी ती चाकणहून यायची, मी पिंपरीहून. नाशिक फाट्याला भेटायचो आणि तिथून एकाच बसने वाकडच्या बाजूला, कोर्टावर. तेव्हाच हे शब्द जमले. निगडी म्हणजे सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात, भोसरी म्हणजे मधल्या रेषेवर, चाकण म्हणजे सरळ अंगावर. 'पुढे सरका' म्हणजे दोघींनी जाळीकडे जायचं. आणि जाळीजवळची जर मागच्या रेषेवर येणार असेल, तर ती म्हणायची, "उतरते." ताश्कंदमध्ये एका रशियन मुलीने पंचांकडे तक्रार केली होती की या दोघी देवाचं नाव घेतात. आम्ही भोसरी म्हणत होतो.

यंदा नोव्हेंबरात ताथवड्याच्या कोर्टवर स्पर्धा होती, घराजवळची. त्यानंतर परदेशात चार स्पर्धा, ओळीने. त्या चारांतल्या पहिलीसाठी जोडीची नावं गुरुवारी दुपारी दोनपर्यंत नोंदवायची होती. एकटीचं नाव घेतच नाहीत. आमच्या धंद्यात जोडीदार नसेल तर माणूस नसतोच. मी चौतीस वर्षांची, दुसरं काही येत नाही. आणि अनिता आठवडाभर 'बघू' म्हणत होती. एरवी मी असल्या 'बघू'ची सालटी काढते. या वेळी गप्प बसले, कारण मला उत्तर नको होतं.

मंगळवारी उपांत्य सामना. समोर विशीतल्या दोन पोरी. त्यातली अंजली म्हणून एक होती, तिची सर्व्हिस भलतीच तापली होती. पहिला सेट गेलाच होता. दुसऱ्यात तीन-चार झालं आणि आम्ही बाकावर बसलो. अनिताने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं आणि तशीच म्हणाली,

"आमे, मी आता उतरते."

मला पटलं. अंजलीची सर्व्हिस असताना जाळीजवळ उभं राहून तोंडावर चेंडू खाण्यापेक्षा मागे गेलेलं बरं. "उतर की मग! विचारतेस काय?" मी म्हणाले.

तिने टॉवेल खाली केला. "खरंच?"

"खरंच. मी आहे ना."

तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, घाम गेला असेल.

पुढच्याच गेममध्ये अंजलीची सर्व्हिस माझ्याकडे आली. मी परतवली आणि अनिता मागे गेली असणार या हिशेबाने पुढे धावले. बाई जाळीजवळच उभ्या! दोघी पुढे, मागे सगळं रिकामं. अंजलीने चेंडू आरामात आमच्या डोक्यावरून मागे टाकला. आम्ही दोघी एकदम वळलो आणि दोघींपैकी कुणीच धावलं नाही. मी डोळे वटारले. अनिता रॅकेटच्या तारा सरळ करत बसली. सेट सहा-चारने गेला आणि सामनाही.

हात मिळवून झाले आणि अनिताने मला घट्ट मिठी मारली. हरल्यावर आम्ही मिठी मारत नाही, एकमेकींना टाळतो.

"मला वाटलं व्हतं तू मला फाडून खाशील," ती म्हणाली. "चार महिनं झालं, खेळ सोडते म्हणून तोंड उघडायची हिंमत न्हवती. आन् तू एका दमात 'उतर की' म्हणालीस. सोमवारपास्नं शाळेत येते म्हणून सांगून टाकते आता."

चाकणजवळच्या एका शाळेत तिला प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. ते तिने तिथेच सांगितलं, रडत, हसत. भोवती लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "आम्रपाली, काय मोठं मन गं तुझं!" माझं मन मुळीच मोठं नाही. ज्याला विचाराल तो सांगेल. पण तेवढ्या माणसांत "मी मागच्या रेषेचं समजले होते" असं कसं म्हणणार? मी हसले. बॅग उचलली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मग दोन दिवस मी जगभर मेसेज पाठवले. आमच्यात विचारायची एकच पद्धत असते: कुणाशी ठरलंय का? आईने माझ्या लग्नासाठी दहा वर्षं हाच प्रश्न लोकांना विचारला आणि मी तिची टर उडवली. आता माझी पाळी. सर्बियाच्या बाईने लिहिलं, ठरलंय. थायलंडच्या मुलीने लिहिलं, ठरलंय, आणि पुढे एक फूल. जपानच्या एकीने वाचून उत्तरच दिलं नाही.

बुधवारी सकाळी एकटीच कोर्टवर गेले. टोपलीभर चेंडू घेतले आणि डावीकडे उभी राहून, एकेकाचा टप्पा पाडून परतीचे फटके मारत राहिले. टोपली अर्धी झाली तेव्हा वाटलं, उजवीकडून मारून बघावं. तिथे जाऊन उभी राहिले. माझंच कोर्ट, माझ्याच गावातलं, आणि मला तिथून जाळी ओळखीची वाटेना. प्रत्येक फटक्यानंतर मी कुणाच्या तरी हातावर टाळी द्यायला हात पुढे करत होते. एकवीस वर्षांत पॉइंट जिंको, हरो, ती टाळी चुकली नव्हती. मला इतकं एकटं आईच्या आजारपणातही वाटलं नव्हतं. चेंडू गोळा न करताच मी निघून आले.

गुरुवारी ठरवलं, खरं काय ते सांगायचं. 'उतर' म्हणाले ते चुकून म्हणाले, माझी परवानगी मी परत घेते. मोशीपासून ट्रकांची रांग लागली होती, तरी पाऊण वाजता मी अनिताच्या दारात होते. मागे त्यांच्या शेताच्या जागी कंपनीची भिंत, पुढे घर. तिची आई, गवराबाई, चुलीजवळ भाकऱ्या थापत होती. घरात गॅस असून भाकरी मात्र चुलीवरच. अनिता नवीन शिट्टीला दोरी बांधत बसली होती.

मी बसलेसुद्धा नाही. "मला कळलं नव्हतं," मी म्हणाले. "परवा. मला वाटलं, तू खेळातलं बोलतेस."

अनिताने शिट्टी खाली ठेवली. "ठावं हाय मला."

"काय?"

"तू जाळीकडं धावलीस ना, तवाच कळलं मला. पर पुन्यांदा बोलायची ताकद न्हवती, आमे. म्हटलं, व्हय म्हणालीय तर म्हणालीय." मग ती म्हणाली, "आपण खेळताना नुसतं 'उतरते' म्हणतो. 'आता' कवा म्हणलोय? तुला ते ऐकू न्हाई आलं?"

जाळीजवळ तिचा खांदा बोटभर हलला तरी ती कुठे जाणार हे मला पाठीमागून कळत होतं. आणि चार महिने ही बाई माझ्याशेजारी झोपत होती, जेवत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. मला तिची गरज होती आणि त्या गरजेपुढे मला ती दिसलीच नव्हती. मला माझीच लाज वाटली.

"गुडघा दुखतोय?" मी विचारलं.

"गुडघ्याचं काय न्हाई. मला रोज एकाच गादीवर झोपायचंय. सकाळी उठल्यावर आपण कुठल्या गावात हाय, हे आठवावं लागू नये." मग तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "दोनपत्तूर हाय ना टाइम? टाक नाव. तू म्हणशील तर येते मी. शाळेला सांगते न्हाई म्हणून."

ती खरंच आली असती. हूं की चूं न करता बॅग भरली असती आणि उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली असती. फोनवर नोंदणीचा फॉर्म उघडाच होता. माझं नाव टाकलेलं होतं आणि खाली तिच्यासाठी रिकामी जागा होती. मला ती हवी होती. गवराबाईचा भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत होता.

"गंमत केली गं," मी म्हणाले. "मला कळलं होतं. 'आता'सकट."

अनिता माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. आम्हाला एकमेकींचं एवढं येतंच.

"जेवून जा," ती म्हणाली.

गवराबाईने ताट वाढलं. गरम भाकरी, मटकीचं कालवण, कांदा. अनिता माझ्या उजवीकडे बसली. आम्ही नुसत्या जेवलो. नाव नोंदवायचं विसरू नये म्हणून शेजारच्या फोनवर लावलेला गजर दोनला पाच मिनिटं असताना एकदा वाजला आणि दोनला पुन्हा एकदा. दोन्ही वेळा माझा हात कालवणात होता.