आपली बांधी सोडायची नाही

डोमनलाल कटरे सरांच्या शाळेला मैदान नव्हतं. मैदान म्हणून जे दाखवलं जायचं, तिथे एक ट्रॅक्टर, दोन बैलगाड्या आणि गावभरच्या म्हशी अशी मंडळी सुखाने नांदत होती. तेव्हा दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापून झाला की सर आपल्या फुटबॉलच्या टीमच्या पोरी घेऊन शेतात उतरायचे. कामठ्याच्या रस्त्याला लागून त्यांच्या भावाच्या बांध्या होत्या, धानाचे लहान लहान चौकोनी तुकडे. बांधीला लागून बांधी आणि मध्ये गुडघ्याएवढा मातीचा बांध, म्हणजे धुरा. इतर प्रशिक्षक फळ्यावर खडूने रेघा मारतात, आमच्या सरांना त्या आयत्याच मिळाल्या होत्या.

प्रत्येक पोरीला सरांनी एकेक बांधी वाटून दिली होती. चेंडू तुझ्या बांधीत आला की जीव तोडून त्याच्यामागे धावायचं. धुऱ्यापलीकडे गेला की तो दुसरीचा, तू आपल्या जागी उभं राहायचं. "आपली बांधी सोडाची नाई," हे वाक्य सर दिवसातून इतक्या वेळा म्हणत की पोरी घरी भांडी घासताना एकमेकींना तेच म्हणून हसायच्या.

हसण्यासारखं होतंच ते. पण सर आधी असे नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी पोरींना मोकळं सोडलं होतं. चेंडू दिसला की सगळ्याच्या सगळ्या तिकडे, अंगणात दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तशा. गोंदियात पहिल्याच सामन्यात त्यांनी इतके गोल खाल्ले की पुढे पुढे पंचालाही दया येऊ लागली. बघणारे पोट धरधरून हसले. गावात परत आल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "कटरे सर, पोट्ट्यायले लंगडी शिकवा, लंगडी." तीन बापांनी आपल्या पोरी काढून घेतल्या. ते हसणं सरांच्या कानात जे बसलं ते बसलंच. त्यानंतर त्यांनी पोरींना जिंकायला कधी शिकवलं नाही, हसू होऊ नये एवढंच शिकवलं. त्यांना स्वतःला मात्र ते शिस्त शिकवतायत असं वाटायचं. भित्र्या माणसाला आपलं भेव ओळखू येत नाही, तो त्याला शहाणपण म्हणतो.

आणि खरं सांगायचं तर त्या शहाणपणाला फळही आलं. दोन हजार सात साली सरांच्या पोरींवर गोल करणं कुणाला जमेना. एक गोल करायचा आणि मग धुरे बांधून बसायचं. असं करत करत त्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. तो एक गोल दर वेळी एकाच पोरीचा असायचा. दुर्गेश्वरी पटलेचा.

दुर्गेश्वरी बारावीला होती. उन्हाळ्यात तिला अठरावं पूर्ण झालं होतं. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, पण चेंडू पायाशी आला की ती निराळीच कुणीतरी व्हायची. तिच्या बांधीला पुढचा धुरा नव्हता, ती शेवटची बांधी होती. पुढे गोलच. त्या एवढ्याशा मोकळ्या जागेत ती जे करायची ते बघून सरांच्या भावाचा गडी बिसराम काम टाकून धुऱ्यावर बसून राहायचा.

तिचा बाप सुखराम हा सरांचा लहानपणापासूनचा दोस्त. आपली धानाची शेती बरी करणारा, तापट, पण बोललेलं पाळणारा माणूस. आमगावकडचं एक स्थळ दुर्गेश्वरीसाठी सांगून आलं होतं. मुलाचं कृषी केंद्र, घर चांगलं, माणसं चांगली. मंडईला ते पोरगी बघायला येणार होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे जमतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं आणि दिवसा सोयरिकी जुळतात. सर सुखरामकडे गेले होते, पोरीला दोन वर्षं खेळू दे म्हणायला. सुखराम तंबाखू मळू लागला.

"डोमन, माह्याही मनात हाये गा," तो म्हणाला. "पण समाजात काय सांगू? पोट्टी चेंडूच्या मांगं धावते म्हनून थांबवलं? असं कर. गोंदियात जिंकून थे नागपूरले खेळाले गेली, त मी पाव्हण्यायले सरळ नाई सांगतो. दोन वर्सं लग्नाची गोष्ट काढत नाई. हारली, त हो म्हनतो. हे माह्यं वचन."

सरांनी ते दुर्गेश्वरीला सांगितलं. ती "बरं सर" म्हणाली आणि चेंडूतली हवा दाबून बघू लागली.

अंतिम सामन्याला सगळी टीम एका काळीपिवळी जीपमध्ये कोंबून गोंदियाला गेली. सुखराम मागून मोटरसायकलवर आला. समोर शहरातल्या एका शाळेची टीम होती, तगड्या, बूटवाल्या, एकमेकींना हिंदीत हाका मारणाऱ्या पोरी. मैदान हिरवं, सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं. गोलकीपर रिंकी ते बघून म्हणाली, "सर, इथं त धुरेच नाई!" सगळ्या हसल्या. सरही हसले आणि म्हणाले, "मनात हायेत ना? बस."

मध्यंतराच्या थोडं आधी दुर्गेश्वरीने गोल केला. दोघींना चकवून, तिसरीच्या पायांमधून. सुखराम रेघेबाहेर उभा होता, तो असा ओरडला की शेजारचा कुल्फीवाला दचकला. सरांनी आपल्या मित्राकडे पाहिलं. सुखरामच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं. या माणसाला हरायचं नाहीये, हे सरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मध्यंतरात सरांनी दुर्गेश्वरीला मागे घेतलं.

"आता तू बी आपल्या अर्ध्यातच राहा," ते म्हणाले. "ही तुझी नवी बांधी. समोर जाचं नाई. एक गोल पुरते आपल्याले."

"सर, त्यायच्या मांगं कोनीच राहत नाई," ती म्हणाली. "सगळ्या वरतं येऊन राहिल्या."

"येऊ दे. आपन बांधून बसू."

वाद घालायला सरांनी तिला शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात शहराच्या पोरी लोंढ्यासारख्या आल्या. सरांच्या पोरी आपापल्या जागी खिळून त्यांना परतवत राहिल्या. रिंकीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. सर रेघेवरून वर-खाली येरझाऱ्या घालत होते आणि मनातल्या मनात देवीला नवस बोलत होते, वेळ संपू दे एवढाच.

आणि तेव्हा रिंकीने मारलेला चेंडू उंच जाऊन नेमका दुर्गेश्वरीच्या पायाशी पडला. तिच्यापुढे गोलकीपरखेरीज कुणीही नव्हतं. समोरच्या सगळ्या पोरी तिच्या मागे राहिल्या होत्या आणि त्यांची गोलकीपरसुद्धा गोल सोडून निम्म्या वाटेवर येऊन उभी होती. अर्धं मैदान रिकामं पडलं होतं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे भाग ना! भाग!" सुखराम तर नुसता हात हलवत होता.

दुर्गेश्वरीने मान वळवून सरांकडे पाहिलं.

सरांना ते रिकामं मैदान दिसलं. खोटं कशाला बोला, स्पष्ट दिसलं. पण त्याच क्षणी त्यांना तिची सुटलेली जागाही दिसली. ही गेली, चेंडू हिसकावला गेला आणि मागे भगदाड पडलं तर? पहिल्या वर्षीचं ते हसणं कानात वाजलं. त्यांनी तळहात जमिनीकडे करून दाबला. थांब.

ती थांबली. चेंडूवर पाय ठेवून उभी राहिली, मग वळली आणि चेंडू मागे देऊन आपल्या जागेवर गेली. तोवर शहराच्या पोरी परत फिरल्या होत्या आणि ती वाट पुन्हा बंद झाली होती.

थोड्याच वेळात त्यांनी बरोबरी केली. गर्दीतून एक आडवा फटका, रिंकीचा हात पोचला नाही. तो गोल कुणालाही बसला असता. दुसरा मात्र फक्त आमच्याच पोरींना बसू शकत होता. सामना संपत आला होता. चेंडू घरंगळत, अगदी हळू, गुंजन आणि प्रेमिला या मागच्या दोन पोरींच्या बरोबर मधून आला. दोघींपासून सारखाच लांब. गुंजनला वाटलं प्रेमिलाच्या बांधीत आहे. प्रेमिलाला वाटलं गुंजनच्या. त्या सपाट हिरव्या गवतावर, जिथे धुरा नव्हताच, दोघी तो ओलांडायचा नाही म्हणून उभ्या राहिल्या. शहराची एक पोरगी धावत मधून गेली, तिने चेंडू पायाने गोलमध्ये ढकलला आणि शिट्टी वाजली.

कुणी हसलं नाही. उलट लोकांनी सरांच्या पोरींसाठी टाळ्या वाजवल्या, एका पाहुण्याने येऊन सरांचा हात हातात घेऊन "बढिया डिसिप्लिन है आपके बच्चों में" असंही म्हटलं. सरांना वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

सुखराम आला. रागावलेला नव्हता, नुसता थकलेला दिसत होता.

"मी नाई भेलो, डोमन," तो म्हणाला. "पोटची पोरगी डावावर लावली, तरी नाई भेलो. तू कायले भेला गा?"

पलीकडे दुर्गेश्वरी खाली बसून रिंकीच्या गुडघ्यावर ओढणी बांधत होती.

मंडईच्या दिवशी दुपारी सुखरामचा निरोप आला. बैठकीत गावातले एक गुरुजी बसवायची रीत आहे, पाहुणे त्यांनाच पोरीबद्दल विचारतात, घरच्यांना विचारत नाहीत. सर गेले तेव्हा सुखरामने त्यांना गोठ्याकडे नेलं.

"माह्यं वचन होतं, मी हो म्हननार," तो हळूच म्हणाला. "माह्या तोंडून आता 'नाई' निंगत नाई. पण तुले इचारतीन. तुले काई बोलाचं असन त बोल. मी आडवा येत नाई."

सर बैठकीत जाऊन बसले. आमगावचे छोटेलाल मोठा प्रेमळ माणूस, हातात चष्मा, बोलताना जी-जी करणारा. मुलगा मान खाली घालून बसलेला. दुर्गेश्वरी पोहे घेऊन आली, डोक्यावर पदर, आणि ताटल्या ठेवून दारात जाऊन उभी राहिली. या पोरीला पदर सांभाळताना सरांनी पहिल्यांदाच पाहिलं. ती चालताना अडखळत होती.

"गुरुजी," छोटेलाल म्हणाले, "पोरगी तुमच्या हाताखालची. आमी काय, घडीभराचे पाव्हणे. पोरगी कशी हाये, थे तुमीच सांगा."

सगळे सरांकडे बघू लागले. सुखराम खाली बघत होता, पण त्याचे कान सरांकडेच होते.

सरांनी वाक्य घरून जुळवून आणलं होतं. पोरगी खेळाडू आहे, अशी पोरगी मी आजवर पाहिली नाही. अजून एक संधी द्या, दोन वर्षं थांबा, नाहीतर हे स्थळ सोडा. एवढंच बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. पाहुणे उठून जातील. मास्तरने सोयरीक मोडली म्हणून गावभर होईल. दुसरे बाप आपल्या पोरी काढून घेतील, टीम बसेल. आणि एवढं करून दुर्गेश्वरी पुढे जाईलच याची खात्री कोण देणार? यातलं काही खोटं नव्हतं. प्रत्येक भीती खरीच असते, म्हणून तर माणूस तिच्यामागे लपू शकतो.

"चांगली हाये जी," सर म्हणाले. त्यांना आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "लई आज्ञाधारक हाये. जिथं उभी करान, तिथून हालत नाई."

"वा!" छोटेलाल मनापासून खूश झाले. "बस गुरुजी. सुनेचं आनखी काय पायजे?"

सुखराम उठून बाहेर गेला. मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि लाजत हसला. आत बायकांची गडबड सुरू झाली. दुर्गेश्वरीची आई सुलोचनाबाई साखरेची वाटी घेऊन आली आणि पाहुण्यांच्याही आधी सरांपाशी थांबली. तिने भरल्या डोळ्यांनी पहिली चिमूट त्यांच्या हातावर ठेवली.

"तुमच्यामुळेच जमलं जी, सर."

दारात दुर्गेश्वरीने सगळं ऐकलं होतं. ती सरांकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर सरांना धरायला काहीतरी मिळालं असतं. तिथे राग नव्हता. सरांना मोठ्याने रडावंसं वाटलं. त्यांनी साखर तोंडात टाकली, कारण सगळे बघत होते.